बसून करायचं काम

आमच्या कॅन्सरच्या वॉर्डातल्या एका खोलीला आम्ही माहेर म्हणायचो. दारावर पाटी होती 'औषध कक्ष', पण पाट्या वाचायला कुणाला सवड असते? केमोचे डोस तिथे भरायचे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर छोटा पंखा, कोपऱ्यात औषधांचा फ्रिज, चहाची किटली आणि गादीची एक खुर्ची. सगळी गंमत त्या खुर्चीची. अख्ख्या वॉर्डात बसून करायचं काम तेवढंच. बाकी दिवसभर पेशंटला उचला, कुशीवर वळवा, कुणाला उलटी झाली की धावा, सलाईन संपलं की पुन्हा धावा. म्हणून ज्या सिस्टरला दिवस गेले असतील तिला मोठ्या बाई गुपचूप त्या खोलीत ड्यूटी द्यायच्या. तीन महिने होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, नजर लागते, हा बाईंचा नियम. पण एखादी त्या खुर्चीवर दिसली रे दिसली की आम्ही एकमेकींना कोपरखळी मारायचो, "गेली बघ माहेरी!"

मोठ्या बाई म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज. आणि माझ्या सासूबाई. घरी आई, वॉर्डात बाई. घरात भाजीला मीठ जास्त झालं की आईंचं ऐकायचं, वॉर्डात चादरीला सुरकुती पडली की बाईंचं ऐकायचं. सुटका नाही. त्यात मी तोंडाची फटकळ, राग नाकावर. आमच्या दोघींचं जमतं कसं, असं लोक माझ्या नवऱ्याला विचारतात. तो म्हणतो, "जमत नाही, पण एकमेकींशिवाय करमतही नाही." खरं आहे ते.

माझं पहिलं पोटातच गेलं, तेव्हा मी वॉर्डात होते. त्या दिवशी एका जाडजूड पेशंटला एकटीने खुर्चीत बसवलं होतं. आईंनी ते स्वतःला लावून घेतलं. "मीच तुला त्या खाटेवर पाठवलं," असं कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी त्यांना सकाळी सांगितलं आणि दुपारच्या आत त्यांनी मला हाताला धरून माहेरात नेऊन बसवलं. "इथून हलायचं नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही. पाणीसुद्धा मी आणून देते." आणि खरंच द्यायच्या हो. डबा गरम करून माझ्यापुढे त्याच टेबलावर ठेवायच्या, मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. सख्ख्या आईने केलं नसतं इतकं केलं त्यांनी माझं.

तेही गेलं. तिसरा महिना पुरा व्हायच्या आत. "तुझा राग बाधतो गं बाळाला," आई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, माझ्या केसांना तेल लावताना म्हणाल्या. मला ते पटलं. पटणारच, माझा राग मला माहीत होता आणि दुसरं कारण कुणाकडे नव्हतं.

आता तिसऱ्यांदा मी त्या खुर्चीवर बसले होते. नवऱ्याला, आईंना आणि मला, तिघांनाच माहीत. बाकी वॉर्डाला अर्थातच माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं वागायचं असतं. ठमी तेवढी रोज दारातून डोकवायची. ठमी म्हणजे माझ्याबरोबर लागलेली सिस्टर, अंगाने गोल, जिभेवर सतत टवाळी. "काय गं, माहेरचा पाहुणचार कसा काय?" म्हणायची आणि पळायची.

अशात ते पाहुणे आले. परदेशातले कॅन्सरचे तज्ज्ञ. पगार न घेता, रजा काढून, पदरचं तिकीट काढून आम्हाला शिकवायला आलेले. एक सर्जन, एक किरणांच्या उपचारांचे डॉक्टर आणि एक औषधवाल्या बाई, केस सगळे पांढरे, पायात शाळकरी मुलींसारखे बूट. मला आधीपासूनच राग होता. असे पाहुणे पूर्वीही येऊन गेले होते. येतात, हसतात, आमच्याबरोबर फोटो काढतात आणि जातात. मागे राहतो आम्ही आणि आमचे पेशंट. "दोन आठवड्यांत काय दिवे लावणार आहेत?" असं मी ठमीला म्हणालेसुद्धा.

औषधवाल्या बाईंची भाषा आम्हाला यायची नाही. आमच्या वॉर्डाचा डॉक्टर मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करायचा. पहिल्या दिवशी त्या माहेरात आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, पंखा पाहिला. डोस भरताना औषधाचा उग्र वास येतो म्हणून आम्ही पंखा लावायचो. दाराआड टांगलेले आमचे अॅप्रन पाहिले. ते आम्ही घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायचो. मग किटली पाहिली, आणि किटलीकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, चहा हवाय. मी कप पुढे केला. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायला नाही. मनात म्हटलं, शिष्ट दिसतेय.

दुसऱ्या दिवशी त्या एक बाटली घेऊन आल्या. पिवळसर पाणी, अगदी निरुपद्रवी, असं डॉक्टरने सांगितलं. "हे औषध आहे असं समजायचं आणि रोज करता तसा डोस भरायचा. काही वेगळं करायचं नाही."

"माझी सून करेल," बाई लगेच म्हणाल्या. "तिच्यासारखा हात अख्ख्या हॉस्पिटलात नाही." पाहुण्यांपुढे सुनेची फुशारकी मारायची संधी त्या कशाला सोडतील!

मग मी केलं, रोज करते तसं. हातमोजे संपले होते, ते आमच्याकडे कायमच संपलेले असतात, म्हणून नुसत्या हाताने. बाटलीत सुई घातली, पाणी ओढलं, सिरिंज उभी धरून टिचकी मारली आणि वरची हवा बाहेर सोडली. थेंबभर उडालं, तेवढं उडतंच. सलाईनच्या पिशवीत भरलं. कपाळावरचे केस मागे सारले, अॅप्रनला हात पुसले. सगळ्याजणी भिंतीला टेकून बघत होत्या. ठमी म्हणाली, "टाळ्या वाजवा गं, आमच्या पाककलेच्या बाईंसाठी!" बाईंनी तिच्यावर डोळे वटारले आणि मी हातात दिलेल्या किटलीतून मला चहा ओतून दिला, स्वतःही घेतला.

औषधवाल्या बाईंनी खिडकीला जाड चादर लावली, पंखा आणि दिवे बंद केले आणि पिशवीतून एक निळसर दिवा काढला.

दिव्याखाली ते पाणी चमकत होतं. हिरवं, काजव्यासारखं. आधी माझे हात दिसले, मनगटापर्यंत. सगळ्याजणी हसल्या. मग टेबल. मग पंख्याची पाती, आणि पंख्यासमोरची आख्खी भिंत, जिथे ठमी टेकून उभी होती. ठमीच्या गालावर ठिपके. "अय्या, मी नटले की!" ती म्हणाली. पुन्हा हशा. दिवा माझ्या कपाळावर आला, किटलीच्या कडीवर आला, कपाच्या काठावर आला. बाईंच्या ओठांवर आला. आता हसणं कमी झालं. शेवटी दिवा खाली आला आणि माझ्या अॅप्रनवर थांबला. जिथे मी रोज हात पुसते, अगदी तिथे, पोटावर, हा एवढा मोठा हिरवा डाग.

औषधवाल्या बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, म्हणतात त्या. गाठीच्या पेशी."

"ते आम्हाला माहीत आहे. पुढे?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "जाऊ दे ना सिस्टर."

"बोला!" मी ओरडले.

"पोटातलं बाळ म्हणजेसुद्धा भराभर वाढणाऱ्या पेशीच. ज्यांना दिवस गेलेत, किंवा जायला हवेत, त्यांनी या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, म्हणतात. हवेतून जातं, कातडीतून जातं. पहिले तीन महिने सगळ्यात वाईट."

दिवा तसाच पेटलेला होता. ठमी भिंतीला घसटत खाली बसली. ठमीचं दुसरं याच खोलीत असताना गेलं होतं. रक्त थांबेना म्हणून शेवटी तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. त्यानंतरही ती विनोद करत राहिली, म्हणून आम्ही सगळ्याजणी ते विसरल्यासारखं करायचो.

"म्हणजे आमची जी बाळं गेली, ती यामुळे?" कुणीतरी विचारलं.

"एकेकीचं कशामुळे, ते सांगता येत नाही," डॉक्टरने त्यांचं उत्तर सांगितलं. "असंही जातं कधी कधी. पण यामुळे जास्त जातात."

मग बाई बोलल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "हे कधीपासून माहीत आहे त्यांना? विचारा, डॉक्टर."

औषधवाल्या बाईंनी स्वतःच्या पांढऱ्या केसांना हात लावला. "मी शिकत होते तेव्हाच पुस्तकात होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझे केस काळे होते."

झालं. माझं डोकं फिरलं. "मग इतकी वर्षं काय झोपा काढत होतात? तुम्हाला माहीत होतं आणि आम्ही इथे डबे खात बसलो होतो! एकीलासुद्धा सांगावंसं वाटलं नाही? आता आलात दिवा घेऊन!" डॉक्टरने हे त्यांना सांगितलं नाही. पण सांगायची गरज नव्हती. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." तेवढंच. त्याने मला आणखीच राग आला. भांडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"गप्प बस," बाई मला म्हणाल्या. "पाहुण्या आहेत त्या." आणि खोलीतून बाहेर गेल्या.

खरं सांगायचं तर त्या औषधवाल्या बाई चांगल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी आमच्यापैकी एकीलाही डोस भरू दिला नाही. पंखा काढला, किटली बाहेर फेकली. बरोबर आणलेला जाड गाऊन घालून, तोंडावर मास्क लावून, हातात दोन-दोन मोजे चढवून, दार लावून एकट्या भरत बसायच्या. कसं करायचं ते आम्ही दाराच्या काचेतून बघून शिकायचं. हवा आत ओढून घेणारं काचेचं कपाट लागतं म्हणे, ते त्यांनी वर्गणी काढून मिळवलं होतं, पण ते बोटीने येणार, म्हणजे कित्येक महिने. आणि त्या जाणार होत्या दोन आठवड्यांनी.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले. दाणे एका भांड्यात, सालं दुसऱ्यात, असं करताना त्या दाणे सालांत टाकत होत्या.

"लंबूचं पहिलं," त्या म्हणाल्या. लंबू म्हणजे आमच्यातली सगळ्यात उंच सिस्टर. "ठमीचं. ती नवी आलेली, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, नोकरीच सोडून गेली, तिचं. तुझं. एकेकीला मी हाताला धरून नेऊन बसवलं गं."

"कितीजणींची व्यवस्थित झाली की, आई."

"हो ना. त्यांच्याकडे बघूनच मी पुढचीला नेत राहिले."

मला त्यांची दया येत होती. त्यांना कुशीत घ्यावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी ते भांडं उचलून भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. 'तुझा राग बाधतो' म्हणाल्या होत्या मला. मी त्या शब्दांवर किती रडले होते, ते यांना ठाऊक तरी होतं का? आणि आता माझ्या पोटात जे होतं, त्याने ती हवा किती घेतली होती, हे कोण सांगणार होतं? मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि मला नुसती भीती वाटत होती.

"पाहुण्या गेल्या की तुझी ड्यूटी बदलते," आई म्हणाल्या. "हळूच. कुणाला कळायला नको, अजून तीन महिने व्हायचेत."

"हळूच?" मी म्हटलं. "आणि माझ्या जागी हळूच कुणाला बसवणार? दुसरी कुणीतरी तोंड शिवून बसलेली असेल, तिला? या हळूच हळूचनेच तर घात केला ना आपला!"

त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता फैलावर घेतील. पण त्यांनी मान खाली घातली आणि सालांतून दाणे वेचायला लागल्या.

दोन आठवडे बघता बघता गेले. जाताना औषधवाल्या बाईंनी मला मिठी मारली. मी काठीसारखी उभी राहिले. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही मला.

सोमवार उजाडला. बाकांवर पेशंट बसलेले, नेहमीसारखे, कुणी डोक्याला रुमाल बांधून, कुणी नातेवाइकाच्या खांद्यावर डोकं टेकून. डोस चुकवून चालत नाही. एकदा खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढते. डॉक्टरने आम्हा सगळ्यांना बोलावलं. "कपाट येईपर्यंत एकीने भरायचं. पाहुण्यांनी ठेवलेला गाऊन आहे, मोजे आहेत, मास्क आहे. तरी धोका आहेच. ज्यांना मूल हवंय त्यांनी नको. कोण बसेल?"

सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. नाही म्हणायचं म्हणजे घरातलं गुपित चारचौघांत सांगायचं. लंबूला दुसरं हवं होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवीन दोघीजणी होत्या, त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. आणि माझी जीभ, जी एरवी आवरत नाही, ती टाळूला चिकटली होती.

"माझ्या सुनेला दिवस गेलेत," बाई मोठ्याने म्हणाल्या. अगदी बाकांवरच्या पेशंटना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तिसरा महिना लागायचाय. ती आत जाणार नाही. आणखी कुणाला दिवस गेले असतील, जायला हवे असतील, तिने आत्ता सांगायचं. नजरबिजर काही लागत नाही. सांगा." मग त्या डॉक्टरकडे वळल्या. "आणि खुर्चीवर मी बसणार. माझं काय बिघडायचं राहिलंय?"

लंबूने हळूच हात वर केला. मग नव्यांपैकी एकीने. मग दुसरीने.

डॉक्टरने मान हलवली. "बाई, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. परवा पाहुण्यांसमोर सराव म्हणून साध्या पाण्याचा डोस भरलात, तर सिरिंजवरची रेघ चुकली होती. औषध असतं तर तो पेशंट गेला असता."

बाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांना इतकं हताश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाकावरची एक म्हातारी विचारत होती, "आज मिळणार ना हो औषध?"

"मी बसते," ठमी म्हणाली.

दिव्याच्या दिवसापासून ठमीने एकही विनोद केला नव्हता. आत्ताही केला नाही. "माझी पिशवी काढलीय," ती म्हणाली. "मला काय होणार आता?"

"नको, ठमे," बाई म्हणाल्या. "तू नको गं. तू सोडून कुणीही." त्यांनी तिला धरायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"सोडून कोण आहे, बाई?" ठमीने विचारलं. "सांगा ना."

ठमीने गाऊन घातला. तो तिला घट्ट होत होता, मागचे बंद मीच बांधले. मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना. तिने मोजे चढवले, एकावर एक दोन, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाई तिथेच दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. पहिला डोस तयार होता, त्या म्हातारीचा. ठमीने सलाईनची पिशवी बाहेर धरली, आणि ती घ्यायला सवयीने मीच पुढे झाले.

"तू नाही!" ठमी मास्कच्या आतून माझ्यावर खेकसली. "कळत नाही का तुला? लांब हो!"

मी लांब झाले.